रांगेतली रिकामी जागा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या दुधात मी बोट बुडवून पाहते, भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून पाहते आणि घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहते. नवरा म्हणतो, "तुझ्यासमोर देव उभा राहिला तरी तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील." यात खोटं काही नाही. पंचवीसेक वर्षं कॉलेजात कम्प्युटर शिकवल्यावर माणूस असाच होतो, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. रोज कारध्याहून स्कूटरवर पूल ओलांडून भंडाऱ्याला जायचं आणि दिवसभर कोण कुणाचं बघून लिहितंय ते पाहायचं. शिकवणं उरलेल्या वेळात.

कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं आमच्या कॉलेजात कुणी नव्हतं. कुणाची नजर छताकडे वारंवार जाते, कुणाला अचानक खोकला येतो, कुणाचा रुमाल प्रमाणाबाहेर पांढरा आहे, सगळं मला दिसायचं. बहुतेकांना मी रागावून सोडून द्यायचे. लेखी अहवाल मात्र एकदाच पाठवला होता, तीन वर्षांपूर्वी. तुमसरची एक मुलगी होती. तिच्या प्रोग्रामने पडद्यावर "हो" असं उत्तर दाखवलं होतं आणि तिने उत्तरपत्रिकेत "हो" लिहून, ते पेनाने खोडून, "नाही" केलं होतं. शेजारच्याकडे प्रश्नांचा दुसरा संच होता आणि त्याचं उत्तर "नाही" होतं. एवढं मला पुरेसं झालं. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि तिने काय केलं ते तिला पायरीपायरीने सांगितलं. ती गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे कबूल, असं मी धरलं. तिचं प्रॅक्टिकल रद्द झालं, वर्ष गेलं, आणि पुढच्या जूनमध्ये ती आली नाही. वाईट वाटलं. पण आपला तर्क किती चोख निघाला याचं कौतुक त्याहून जास्त वाटलं, हेही खरं.

यंदाच्या एप्रिलमध्ये तशीच वेळ पुन्हा आली.

प्रॅक्टिकलला मी माझा आवडता प्रश्न घातला होता. ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कम्प्युटरमध्ये आकड्यांचं एक झाड मांडतात, त्याला बायनरी ट्री म्हणतात. हे झाड उलटं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली. प्रत्येक आकड्याखाली जास्तीत जास्त दोन फांद्या, एक डावी, एक उजवी. एखादी फांदी नसली तरी चालतं. प्रश्न एवढाच की, झाडाच्या मधोमध आरसा ठेवला तर डावी बाजू उजव्या बाजूची प्रतिमा आहे का? उत्तर हो किंवा नाही.

माझ्या वहीतली रीत सोपी होती. झाड वरून खाली, मजल्यामजल्याने वाचायचं. एका मजल्यावरचे आकडे डावीकडून वाचा, मग उजवीकडून वाचा. दोन्ही वेळा सारखेच आले तर तो मजला पास. सगळे मजले पास झाले तर झाड स्वतःचाच आरसा आहे. ज्या फांद्या नाहीत त्यांचा विचार करायचा नाही, आहेत तेवढ्याच घ्यायच्या. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आणि मुलं वहीत उतरवत आली.

त्या दिवशीचं झाड अगदी छोटं होतं. वर १. त्याखाली दोन फांद्या, दोन्हींवर २. प्रत्येक २ खाली एकेक ३. मजले वाचा: पहिला एक; दुसरा दोन, दोन; तिसरा तीन, तीन. प्रत्येक मजला पुढून मागून सारखाच. माझ्या उत्तरांच्या कागदावर मोठ्या अक्षरात "हो" लिहिलेलं होतं. चाळीस-बेचाळीस जणांच्या पडद्यावर "हो" आलं. तिसऱ्या ओळीतल्या एकीच्या पडद्यावर "नाही" आलं.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. ही मुलगी आंधळगावकडची, रोज बसने मोहाडीवरून येणारी. वर्गात कधी तोंड उघडत नसे. अशांचाच मला जास्त संशय येतो. तिचा प्रोग्राम वाचला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या वहीतलं त्यात काहीच नव्हतं. मजले नव्हते, पुढून मागून वाचणं नव्हतं. तिने एक रांग केली होती, कम्प्युटरच्या भाषेत क्यू. त्या रांगेत ती जोड्या उभ्या करत होती, डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक. पुढची जोडी बाहेर काढायची, दोघांची तुलना करायची, जुळले की त्यांच्या मागच्यांना रांगेच्या शेवटी लावायचं. बाहेरच्या अंगाचा बाहेरच्या अंगाशी, आतला आतल्याशी. आणि जिथे फांदीच नाही तिथे तिने चक्क "काही नाही" हेसुद्धा रांगेत उभं केलं होतं.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"मीच लिहिलं मॅडम."

मीच लिहिलं! हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं आहे की ते ऐकलं की माझे कान आपोआप टवकारतात. मी तिचा हात पाहिला, ओढणी पाहिली, दप्तर उघडायला लावलं. टिफिन, एक पाण्याची बाटली, बसचा पास, हळदीच्या डागाचा रुमाल. मोबाइल परीक्षेआधीच बाहेर जमा केलेला होता, तो मी शिपायाकडून मागवला आणि जमा केल्याची वेळ वहीत तपासली. काही सापडलं नाही. काही सापडलं नाही म्हणजे काम सफाईने झालंय, हा माझा निष्कर्ष.

परीक्षा संपल्यावर तिला मी लॅबमध्ये थांबवून घेतलं. पंखा कुरकुरत होता. खिडकीतून उन्हाची झळ येत होती.

"हे बघ," मी म्हटलं, "चोरी केलीस तीही चुकीच्या घरी. उत्तर 'हो' आहे. तू दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाचं उतरवून आलीस."

"नाही जी मॅडम. हे झाड आरसा नाही हाये."

"सगळ्या वर्गाचं 'हो' आलं आणि एकट्या तुझं 'नाही'. चाळीस जण वेडे?"

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, झाड काढून पाहा ना कागदावर."

"मला शिकवू नकोस."

"शिकवून नाही राहिली जी. मले हे बाबांनं दाखवलं."

"बाबा काय करतात?"

"धानाची शेती हाये. अन् लगनात भेटी पुकारतेत."

मी हसले. हसण्यासारखंच होतं. व्याहीभेट मला ठाऊक होती. लग्नाआधी मांडवात दोन्ही घरची माणसं समोरासमोर येतात, नात्याला नातं गळाभेट घेतं, टिळा लावतात, गळ्यात शेला घालतात. वडिलांना वडील, काकांना काका, मामांना मामा. यातून कुणी बायनरी ट्री शिकलं, असं सांगणारी ही पहिलीच.

"त्यांच्याजवळ यादी राहते," ती घाईघाईने सांगायला लागली. "पहिले दोघं बाप भेटतेत. ते भेटले का दोघंही आपापल्या मांगच्या दोघाईले रांगेत लावतेत. मंग दुसरी जोडी, मंग तिच्या मांगचे. एक-एक पिढी, एक-एक घर. अन् ज्याच्या इकडे माणूस नसन, त्याची खाली, रिकामी जागा पन पुकारा लागते. नाही पुकारली का समदी जोडी सरकते."

"आणि हे तू प्रोग्राममध्ये घातलंस."

"हाव मॅडम." आणि मग, मी दरवाजाकडे वळल्यावर, मागून: "बेस्तरवारी माह्या बहिनीचं लगन हाये. या ना जी. तुमी सोताच पाहा."

विभागप्रमुखांना मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की कॉपी केस आहे. ते म्हणाले, शनिवारपर्यंत अहवाल द्या किंवा गुण भरा, दोन्हींपैकी एक. अहवाल गेला की प्रॅक्टिकल शून्य आणि मुलगी पुन्हा त्याच वर्षात. अहवालाचा कागद मी भरायला घेतला. तिचा रोल नंबर लिहिला, प्रश्न क्रमांक लिहिला, "बाह्य साहित्याचा वापर" इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. दया आली म्हणून नाही. कथा फारच तपशीलवार होती, आणि तपशील तपासल्याशिवाय मी सोडत नाही. बापाचा धंदा, बहिणीचं लग्न, भेटीची रीत, तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या तर अहवालाला आणखी वजन येणार होतं. गुरुवारी मी रजा टाकली.

नवऱ्याने विचारलं, "लग्नाला चाललीस की छापा घालायला?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि पर्समध्ये प्रश्नपत्रिका घातली.

मोहाडीला बसमधून उतरून पुढे ऑटोने गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उन्हाळी धान उभं होतं. मांडव दिसला तेव्हा माझा पहिला संशय फिटला, लग्न तरी खरं होतं. मुलगी धावत आली, तिने पाणी दिलं, हातात लग्नपत्रिका ठेवली, आईला बोलावलं. आई म्हणाली, "बरं झालं आल्या मॅडम. पोरगी म्हणे तुमी येनार नाही म्हनून." त्या बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेकीचं वर्ष माझ्या टेबलाच्या खणात अर्धं भरून पडलंय, हे तिने घरी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची घेऊन मांडवाच्या अशा कोपऱ्यात बसले की सगळं दिसावं आणि मी कुणाला फारशी दिसू नये.

वरात आली. बँड थांबला. एक काटकुळे गृहस्थ माइक हातात घेऊन मधोमध उभे राहिले. नवरीचे वडील तेच आणि पुकारणारेही तेच. खिशातून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला. मी मनात म्हटलं, बापलेकीनं मिळून नाटक बसवलं असणार. मॅडम येणार, जरा रंगवून पुकारा म्हणून. मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लागले.

पहिली भेट त्यांची स्वतःची होती. त्यांनी माइक काखेत धरला, नवरदेवाच्या वडिलांना टिळा लावला, मिठी मारली, शेला घातला. मग माइक तोंडाशी नेला. "नवरीची माय, नवरदेवाची माय." दोघी भेटल्या. मग वडिलांच्या मागचे दोघे दोघे पुढे आले: काका आणि काका, आत्याचे यजमान आणि आत्याचे यजमान. दोन्ही बाजू समोरासमोर होत्या, त्यामुळे एका बाजूची रांग दुसरीच्या आरशासारखी उभी होती. भेटलेले बाजूला होत होते, नवे रांगेच्या शेवटी येऊन उभे राहत होते. मी नकळत प्रश्नपत्रिका बाहेर काढली.

आता आयांच्या मागची माणसं. प्रत्येकीमागे दोघं, तिचा भाऊ आणि तिच्या बहिणीचा नवरा.

"नवरीचे मामा," वडिलांनी पुकारलं.

कुणी आलं नाही. मग माझी विद्यार्थिनी पुढे आली. तिच्या हातात ताट होतं, ताटात एक नारळ. बायकांमधून कुणीतरी माझ्या शेजारी कुजबुजलं, "दोन साल झाले गेला बिचारा. एकुलता भाऊ होता मायचा." नवरदेवाचे मामा धिप्पाड गृहस्थ, ते ताटाशी येऊन थबकले. त्यांना पुढे जायची घाई दिसत होती. वडील माइकमधून पुन्हा शांतपणे म्हणाले, "नवरीचे मामा. नवरदेवाचे मामा." त्या माणसाने नारळाला टिळा लावला. शेला नारळाभोवती गुंडाळला. नवरीच्या आईने पदर तोंडाला लावला. मी प्रश्नपत्रिकेत डोळे खुपसले. मी इथे रडायला आलेले नव्हते.

"नवरीचे मावसे, नवरदेवाचे मावसे."

नवरीचा मावसा पुढे आला, समोर कुणीच नाही. वराकडच्या मंडळींत गडबड झाली. नवरदेवाला मावशीच नव्हती, मग मावसा कुठून येणार. त्यांच्याकडचे एक शहाणे ओरडले, "अजी, पुढं घ्या ना! तुमच्याकडे मामा नाही, आमच्याकडे मावसा नाही, झाली फिट्टमफाट. मायबाप सोडून इकडचे तीन, तिकडचे तीन. तुमचे मावसे अन् आमचे मामा भेटून घेतेत, कायले टाइम खराब करता?"

हशा पिकला. वडील हसले नाहीत.

"नाही जी पाहुणे," ते म्हणाले. "तीनाले तीन भेटले, पन कोन कोनाले भेटला? खाली जागा हाये तं हाये म्हनायचं. लपवायची नाही. तुमच्या बाजूनं नारळ घ्या." आणि नारळ येईपर्यंत ते माइक धरून तसेच उभे राहिले. नवरीचा मावसाही हातात शेला घेऊन उभा राहिला. मुहूर्त जवळ आलेला, भटजी घड्याळ दाखवतायत, आणि हा माणूस एका रिकाम्या जागेसाठी सगळ्या मांडवाला ताटकळत ठेवतोय.

इकडचे तीन, तिकडचे तीन. हे मला कुठेतरी ओळखीचं वाटलं. अगदी माझ्याच आवाजात ऐकल्यासारखं. ज्या फांद्या नाहीत त्यांचा विचार करायचा नाही, आहेत तेवढ्याच घ्यायच्या.

मी लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला झाड काढलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कितीदा घातला असेल, पण कागदावर ते झाड कधी काढलं नव्हतं. आकडे पाठ होते, उत्तर पाठ होतं, काढायचं कशाला? वर १. खाली दोन २. आता ३. प्रश्नपत्रिकेत पाहिलं: डाव्या २ ची डावी फांदी नाही, उजवी ३. उजव्या २ ची डावी फांदी नाही, उजवी ३. दोन्ही ३ उजवीकडेच लोंबत होते. आरशात असं होत नाही. आरशात एकाची उजवी म्हणजे दुसऱ्याची डावी. तीनाला तीन भेटत होता, पण मामाऐवजी मावसा भेटत होता.

उत्तर "नाही" होतं. ते पहिल्यापासून "नाही" होतं.

मी तो कागद आडवा-उभा फिरवून पाहिला. आपण चुकलो यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. छपाईची चूक असेल, संच बदलला असेल, असे सगळे चोरदरवाजे तपासले. एकही उघडला नाही. चाळीस-बेचाळीस जणांनी माझी नक्कल केली होती आणि तिला मी अभ्यास म्हणत होते. एकीने स्वतःच्या डोक्याने लिहिलं, तिच्या दप्तरात मी हात घातला. मला स्वतःची लाज वाटली. भर मांडवात, हातात ती लग्नपत्रिका घेऊन, कान गरम होईपर्यंत लाज वाटली.

पंगतीत ती मला वाढायला आली. आलू-वांग्याची भाजी पानात टाकून म्हणाली, "मॅडम, पाहिलं ना जी?"

"पाहिलं. तुझं बरोबर आहे. माझं चुकलं."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं रडेल किंवा हसेल. तिने विचारलं, "मंग बाकीच्याईचं काय? त्याईचं 'हो' आलं."

हिच्या जागी मी असते तर आधी स्वतःचे गुण विचारले असते.

शुक्रवारी मी विभागप्रमुखांना माझा उत्तरांचा कागद चुकल्याचं लिहून दिलं. ते म्हणाले, मॅडम, लिहून कशाला देता, त्या मुलीला पास करा आणि विषय संपवा. मी म्हटलं, नाही, लिहूनच देणार. गुण पुन्हा भरले. तिला पूर्ण दिले. बाकीच्यांना माझ्या शिकवण्याप्रमाणे उत्तर लिहिल्याचे दिले, कारण चूक माझी होती. अर्धा भरलेला अहवाल फाडला. इथे हे संपायला हवं होतं. पण फाडताना "बाह्य साहित्याचा वापर" ही माझ्याच अक्षरातली ओळ दिसली आणि वाटलं, ही मी आधीही लिहिली आहे.

कपाटात जुने गठ्ठे होते. मी एकही कागद टाकत नाही, उद्या कुणी खोटं ठरवलं तर पुरावा हवा म्हणून. तीन वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला, त्या तुमसरच्या मुलीचा पेपर काढला. प्रश्न तोच होता. मी नवे प्रश्न काढत नाही. आकडे तेच, झाड तेच. प्रोग्राम माझ्या वहीतला, जसाच्या तसा, आणि म्हणून पडद्यावर "हो". खाली पेनाने "हो" खोडून "नाही". आणि पानाच्या कोपऱ्यात, जिथे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं, पेन्सिलने काढलेलं एवढंसं झाड. डाव्या २ ला उजवीकडे ३. उजव्या २ ला उजवीकडे ३. जिथे फांद्या नव्हत्या तिथे तिने दोन छोटे गोल काढून ठेवले होते.

शिपाई येऊन दोनदा विचारून गेला, कुलूप लावू का म्हणून.

ती कुठे आहे हे शोधायला चार दिवस लागले. तुमसरला एका राइस मिलच्या ऑफिसात कम्प्युटरवर बसते, असं कळलं. बुधवारी रजा टाकून गेले. मिलच्या आवारात कोंड्याची धूळ होती, ट्रकांची रांग लागलेली. काचेच्या केबिनमध्ये ती वजनाच्या पावत्या छापत होती. अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. मला तिने लगेच ओळखलं. उभी राहिली, नमस्कार केला, बसायला खुर्ची पुसून दिली.

मी पेपर टेबलावर ठेवला. म्हटलं, "तुझं उत्तर बरोबर होतं."

तिने पेपर हातात घेतला, ते पेन्सिलचं झाड पाहिलं आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"मले मालूम होतं मॅडम."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमी विचारलंच कुठं जी?" ती म्हणाली. "तुमी तं सांगून राहिल्या होत्या."

आवाजात धार नव्हती. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला, टोमणा शोधला, निदान थोडंसं समाधान शोधलं. इतकी वर्षं माणसांचे चेहरे वाचण्याचा माझा धंदा, पण मला तिथे काहीच वाचता आलं नाही. मी सांगितलं की कॉलेजला लेखी दिलंय, अहवाल मागे घ्यायचा अर्ज केलाय, परीक्षेला पुन्हा बसता येईल, फॉर्म मी स्वतः आणून देईन. ती ऐकत होती. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तशी ती वळली आणि त्याची पावती छापून खिडकीतून दिली.

"पाहू," ती म्हणाली. "चाहा सांगू का तुमाले?"

मी हो म्हटलं. चहा येईपर्यंत आम्ही दोघी समोरासमोर बसून होतो आणि पहिल्यांदाच मी तिला जाब न मागता काहीतरी विचारलं. विचारलं की, त्या पानावर ते दोन गोल कशाचे काढले होतेस?

"'काही नाही', त्याचे," ती म्हणाली, आणि पुढची पावती छापायला लागली.